नॅड ३०२० आणि एआर १८ : पावसाळा ते उन्हाळा, रोजच्या वापरानंतर

माझे मामा नव्वदच्या दशकात इंग्लंडहून कायमचे परत आले, तेव्हा त्यांनी त्यांचा नॅड ३०२० अँप (आवाज वाढवणारा अँप्लिफायर) आणि एआर १८ स्पीकरची जोडी माळ्यावर टाकली, ती तिथेच राहिली. गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर ती माझ्याकडे आली. गणपतीच्या सुमारास दुरुस्ती संपली आणि तेव्हापासून आमच्या पुण्यातल्या घरात रोज हाच संच वाजतोय. असा जुना माल घ्यावा का, हे बरेच जण विचारतात. घ्यावा. फक्त जे बिघडलंय तेवढंच दुरुस्त करा, सगळं नवं घालायच्या नादी लागू नका.

अँप पाठीमागून बघितला तेव्हा तो २४० व्होल्टचा निघाला, त्यामुळे आपल्याकडे फक्त प्लग बदलावा लागला. अमेरिकेहून आलेला १२० व्होल्टचा असेल तर व्होल्टेज उतरवणारा स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर लागतोच. माळ्यावरून काढलेलं यंत्र थेट प्लगमध्ये मात्र खुपसू नका. शंभर वॅटचा साधा पिवळा बल्ब अँपच्या वायरीत सिरीजमध्ये (वीज आधी बल्बमधून जाईल असा) लावून चालू करा. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर ठीक, भगभगीत पेटलेला राहिला तर आत कुठेतरी शॉर्ट आहे.

आमचा एक चॅनेल (डाव्या-उजव्यापैकी एक बाजू) बंद होता. पहिल्या दुरुस्तीवाल्याने आउटपुट ट्रान्झिस्टर गेलेत, सगळा बोर्ड नव्याने करावा लागेल असं सांगितलं. दोष होता मागच्या बाजूला. या अँपचा प्रीअँप (आवाज आधी सांभाळणारा) आणि पॉवर अँप (स्पीकरला ताकद देणारा) हे दोन भाग मागे धातूच्या यू आकाराच्या कड्यांनी जोडलेले असतात. त्यातली एक कडी काळी पडली होती. कड्या उपसल्या, बारीक पॉलिश पेपरने घासल्या, सॉकेटमध्ये कॉन्टॅक्ट क्लीनर मारला, चॅनेल परत आला. आत २एन३०५५ आणि एमजे२९५५ हे मूळ ट्रान्झिस्टर ठणठणीत आहेत. बाजारात या नंबरचे नकली ट्रान्झिस्टर इतके आहेत की चालणारे मूळचे उगाच काढणं मला पटत नाही.

व्हॉल्यूमची खरखरही क्लीनरने गेली. कॅपॅसिटर एकेक मोजून जे उतरले होते तेवढेच बदलले, दोन-तीन ठिकाणी सोल्डरचे डाग सुटले होते ते पुन्हा दिले. मग स्पीकर न जोडता टर्मिनलवरचा डीसी (एकाच दिशेचा व्होल्टेज) मोजला. दोन्हीकडे काही मिलिव्होल्टच आला. हे मोजल्याशिवाय चांगले स्पीकर लावू नयेत, कारण डीसी गेला तर वूफरची (खालचे सूर काढणाऱ्या मोठ्या स्पीकरची) कॉइल जळते.

खरी मेहनत स्पीकरवर झाली. एआर १८ च्या आठ इंची वूफरची कड फोमची असते. पॉलियुरेथेन फोम हवेतल्या ओलाव्याने हळूहळू कुजतो, वापरला काय किंवा नुसता ठेवला काय. आमच्या फोमला बोट लावलं तर काळा चिकट चुरा हाताला लागत होता. जुना गोंद आयसोप्रोपिल अल्कोहोलने भिजवून लाकडी काडीने खरवडला. यातच एक अख्खा रविवार गेला. नवी रिंग आधी कोनला (वूफरच्या हलणाऱ्या शंकूला) चिकटवली. ती चौकटीला चिकटवताना ३० हर्ट्झचा सूर अगदी हळू आवाजात लावून ठेवला. कोन हलत असताना कॉइल कुठे घासली तर लगेच खस्‌खस ऐकू येते. बोटांनी कड किंचित सरकवत गेलो आणि एका जागी आवाज स्वच्छ झाला. तिथे ती गोंद सुकेपर्यंत धरून ठेवली. त्यामुळे कॉइल मध्यावर बसवायला कोनची मधली टोपी कापावी लागली नाही.

हे स्पीकर बंद खोक्याचे. एडगर विल्चर यांनी १९५४ मध्ये हेन्री क्लॉस यांच्याबरोबर अकूस्टिक रिसर्च, म्हणजेच एआर ही कंपनी काढली ती याच तत्त्वावर: खोक्यात कोंडलेली हवाच वूफरला स्प्रिंगसारखी परत ढकलते. म्हणून खोकं कुठे गळत असेल तर बास गेलाच. वूफर हलकेच आत दाबून सोडायचा, तो सावकाश वर आला पाहिजे. आमचा एक पटकन आला. गॅस्केट नवं घातल्यावर सुधारला. ट्विटरच्या (वरचे बारीक सूर काढणाऱ्या छोट्या स्पीकरच्या) वाटेवरचा नॉन-पोलर कॅपॅसिटरही बदलला.

आता ऐकण्याबद्दल. ३०२० हा १९७८ चा अँप, चॅनेलला फक्त २० वॅटचा. पण क्षणिक उसळीला तो याच्या दुप्पट ताकद देतो, आणि आमच्या हॉलमध्ये आवाजाचं बटण कधी मध्याच्या पुढे न्यावं लागलेलं नाही. किशोरीताईंची एलपी लावली की तानपुऱ्याची जवारी गळ्याच्या मागे सलग, भरून राहते. डग्ग्यावर मनगट दाबून काढलेला घुमारा किती खाली उतरतो ते मला याच स्पीकरवर पहिल्यांदा नीट कळलं. आमच्या जुन्या साउंडबारवर त्याची नुसती धपधप होते. फोनो भाग, म्हणजे रेकॉर्ड प्लेयर जोडायचा भाग, फार गोड आहे, साध्या मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजवर (सुई बसवलेल्या नेहमीच्या प्रकारच्या डोक्यावर) सुद्धा. वरच्या टोकाची चकाकी मात्र कमी. सतार ऐकणाऱ्याला ते खटकेल, मला गायनासाठी हाच तोल आवडतो.

रिमोट नाही. अँप तापतो, त्याच्यावर काही ठेवू नका, कपाटात कोंडू नका. मध्यंतरी व्हॉल्यूमची खरखर थोडी परतली होती, बटण दोन-चारदा पूर्ण फिरवल्यावर गेली. फोम पुढेमागे पुन्हा कुजणार हे धरूनच चला.

तुम्ही घेत असाल, जुन्या बाजारात किंवा कोणाच्या घरून, तर कुजलेल्या फोमला घाबरू नका, उलट त्यावरून भाव पाडा. कोन दोन्ही हातांनी सरळ आत दाबून बघा. कॉइल घासत असेल किंवा ट्विटर मुका असेल तर मात्र सोडून द्या, कारण मूळ ट्विटर मिळणं फार अवघड आहे आणि दुसरा बसवलात तर ते एआर राहत नाहीत.