बाजारगावचे रेडिओचे दुकान : एका बंद पडलेल्या सेवेचे परीक्षण

यवतमाळ जिल्ह्यात दारव्ह्याच्या परिसरातील एका बाजारगावी रेडिओ, टीव्ही आणि टेपरेकॉर्डर विकणारे व दुरुस्त करणारे एक दुकान होते. ते बंद होऊन आता बराच काळ लोटला आहे. तेथे मिळत असे तशी सेवा त्यानंतर मला कोणत्याही विक्रेत्याकडून मिळालेली नाही, आणि ती चांगली का होती हे नेमकेपणाने नोंदले जावे, एवढ्यासाठी हे परीक्षण लिहीत आहे.

दुकान लहानच होते. पुढच्या फळीवर फिलिप्स, मर्फी आणि बुश या कंपन्यांचे रेडिओ, काचेच्या कपाटात सेल, टॉर्चचे बल्ब आणि कॅसेट, तर मागच्या बाजूला दुरुस्तीचे टेबल, असा एकूण पसारा होता. माल नागपूरहून येई. निवड मोठी नव्हती आणि किंमतही नागपूरपेक्षा थोडी जास्तच असे. परंतु गिऱ्हाइकाने कोणती वस्तू घ्यावी आणि कोणती मुळीच घेऊ नये, हे जितके स्पष्टपणे तेथे सांगितले जाई तितके मोठ्या शहरातील दुकानांतही मी ऐकले नाही.

यामागे दुकानदारांचे गावोगावचे ज्ञान होते. कोणत्या खेड्यात वीज पोहोचली आहे, पोहोचली असल्यास दाब किती खाली जातो आणि गावाभोवती टेकडी कोणत्या दिशेला आहे, हे त्यांना ठाऊक असे. आकाशवाणीचे नागपूर केंद्र १६ जुलै १९४८ रोजी सुरू झाले आणि आमच्या भागातील शेतकऱ्यांचा भरवसा दीर्घकाळ त्याच केंद्राच्या मध्यम लहरींवर होता. नवा रेडिओ देताना दुकानदार तो उघडून आतील काळी फेराइट कांडी, म्हणजे लहरी पकडणारा आतला अँटेना, दाखवत आणि समजावून सांगत, की या कांडीची लांब बाजू केंद्राकडे असली म्हणजे आवाज भरून येतो आणि टोक केंद्राकडे वळले की बसतो. आमच्याकडून नागपूर ईशान्येला पडते, त्यामुळे घरात रेडिओ कोणत्या भिंतीजवळ आणि कसा ठेवायचा हे दुकानातच ठरून जाई. रात्री दूरची केंद्रे एकमेकांत का मिसळतात, याचे उत्तरही ते गिऱ्हाइकाला कळेल अशा शब्दांत देत. माझ्या मते ही माहिती त्या वस्तूइतकीच मोलाची होती, आणि तिचे वेगळे पैसे कोणी मागत नव्हते.

टीव्हीच्या बाबतीत हा सल्ला अधिकच महत्त्वाचा ठरला. १९८२ च्या आशियाई क्रीडा स्पर्धांच्या वेळी देशात रंगीत प्रक्षेपण सुरू झाले, १९८४ पासून दूरदर्शनचे लघुशक्ती प्रक्षेपक ठिकठिकाणी बसू लागले आणि १९८७ च्या जानेवारीत ‘रामायण’ मालिका सुरू झाल्यावर तर खेड्यापाड्यांतून टीव्हीची मागणी एकदम वाढली. अशा वेळी महागडा रंगीत संच गळ्यात मारणे कोणत्याही विक्रेत्याला सोपे होते. आमच्या गावातील एक शेतकरी तो घेण्याच्या तयारीने गेले असता दुकानदारांनी त्यांना सांगितलेले वाक्य मी स्वतः ऐकले आहे : “घेऊ नोका भाऊ, तुमच्या गावात लाइन राह्यतेच कुठी?” त्यांनी त्या शेतकऱ्यांना चौदा इंची कृष्णधवल संच दिला, कारण तो बारा व्होल्टवरही चालत असे आणि वीज गेली की ट्रॅक्टरच्या बॅटरीला जोडता येत असे. अँटेना बसवायला ते स्वतः गावी आले, बांबू कौलांच्या वर किती जावा हे चित्र पाहून ठरवले, आणि मृगाचे ढग दिसू लागले की अँटेनाची तार संचातून काढून ठेवण्याची ताकीद घरातील बायकांना व मुलांना देऊन गेले. आमच्याकडे विजा किती पडतात हे माहीत असलेल्या माणसालाच अशी ताकीद सुचते.

व्यवहाराची पद्धत कापसाच्या हंगामाशी बांधलेली होती. १९७२ पासून राज्यात कापूस एकाधिकार खरेदी योजना लागू होती, म्हणजे शेतकऱ्यांचा कापूस फक्त सरकारच विकत घेई. कापूस खरेदी केंद्रावर घातला तरी चुकारा, म्हणजे त्याचे पैसे, हाती येण्यास वेळ लागे, आणि अंतिम फरकाची रक्कम तर आणखी उशिरा मिळे. दुकानाच्या वहीत म्हणून महिन्याचे हप्ते नव्हते. चुकारा आला की पैसे, असा साधा करार होता. पीक बुडालेल्या वर्षी उधारी पुढच्या हंगामावर जाई आणि दुरुस्तीला आणलेला रेडिओ त्यासाठी कधी अडवून ठेवला जात नसे.

दुरुस्तीविषयी माझे मत निःसंदिग्धपणे चांगले आहे. त्या काळच्या रेडिओत ट्रान्झिस्टर, कॉइल आणि कंडेन्सर सुटे असल्याने नेमका बिघडलेला भाग शोधून तेवढाच बदलता येत असे, आणि दुकानदार जुना भाग कागदात बांधून परत देत, म्हणजे काय बदलले याबद्दल शंका राहत नसे. पुष्कळदा बिघाड काहीच नसे : फुटलेल्या सेलचे पाणी पट्टीवर चढून ती गंजलेली असे, किंवा काटा फिरवणारी दोरी निसटलेली असे. अशा कामाचे ते पैसे घेत नसत.

कॅसेटवर गाणी भरून देण्याची सोयही होती. तेथे ते नव्वद मिनिटांच्या कॅसेटऐवजी साठ मिनिटांचीच घ्यायला लावत, कारण नव्वदची फीत पातळ असते आणि जुन्या टेपरेकॉर्डरच्या रोलरमध्ये लवकर गुंडाळली जाते. भरलेल्या गाण्यांचा दर्जा मात्र सुमार होता. एका प्रतीवरून दुसरी प्रत काढलेली असल्यामुळे खरखर वाढलेली असे, आणि शिवाय त्यातून कलावंतांना काहीच मिळत नव्हते, ही त्या सेवेची खरी उणी बाजू म्हणावी लागेल. दुसरी उणीव विलंबाची : एखादा भाग नागपूरहून मागवायचा असला की संच अनेक आठवडे पडून राही.

दुकान बंद पडले त्यास कोणा एकाचा दोष नाही. पुढे सगळा रेडिओ एका चिपवर मावू लागला आणि नवा संच दुरुस्तीपेक्षा स्वस्त झाला. कॅसेट गेल्या, छतावर डिश आली आणि गाणी मोबाइलमध्ये शिरली. आज आमच्या भागात वस्तू घरपोच येते आणि निवडही भरपूर असते, ही सोय मी नाकारत नाही. पण वस्तू पाठवणाऱ्याला माझे गाव माहीत नसते, आणि विजेचा दाब खाली गेला की माझा संच कसा वागेल हे विचारण्यासाठी समोर कोणी नसते.

त्या दुकानात हाताखाली काम शिकलेले एक गृहस्थ आता त्याच बाजारगावी मोबाइल दुरुस्तीचे दुकान चालवतात. जुना ट्रान्झिस्टर नेल्यास ते आजही उघडून पाहतात. डाखणी (तारांचा डाख दिलेला जोड) सुटली असेल, दोरी तुटली असेल किंवा कंडेन्सर गेला असेल तर काम होते. गँग (केंद्र लावण्यासाठी फिरणारा कंडेन्सर) किंवा कॉइल गेली असेल, तर दुसऱ्या मोडक्या संचातून काढून बसवावी लागते. ज्यांच्या घरी माळ्यावर असे बंद संच पडून आहेत, त्यांनी ते भंगारात न देता तेथे नेऊन द्यावेत, कारण सुट्या भागांची सध्या तेवढीच एक सोय उरली आहे.