फिश टँकचा टायमर: दोन उन्हाळे वापरल्यानंतर

टँकचा दिवा ठरल्या वेळी लावणाऱ्या-विझवणाऱ्या डिजिटल टायमरला सुरुवातीला मी पाचपैकी पाच स्टार दिले होते. आता दोन. तो एक दिवस बंद पडला हे खरं, पण माझे तीन स्टार कापले गेले ते आतल्या एका बटणाएवढ्या सेलपायी.

आधी डायलवाला होता. चोवीस तासांची चकती, भोवती पंधरा-पंधरा मिनिटांच्या ९६ पिना. स्वस्त आणि मजबूत. अडचण एकच: त्याची मोटर लाईनच्या ५० हर्ट्झवर फिरते, आत दुसरं घड्याळ नाही. लातुरात दुपारी दोन तास लाईट गेली की चकतीही दोन तास थांबते. नऊला विझणारा टँक अकराला विझायचा, वादळवाऱ्याच्या दिवसांत तर मध्यरात्रीनंतर. पोरगी म्हणायची, "पप्पा, मासे झोपनात." उजेडाचे तास आठच राहतात, फक्त रात्रीकडे सरकतात. पण दिवसभर खिडकीचा उजेड असतोच, त्यात रात्रीचा दिवा जोडला गेला की शेवाळाची चंगळ.

आता शेवाळ म्हणजे पाणी बदलणं. माझी टाकी तीन फुटी, शंभरेक लिटरची. पाव भाग बदलायचा तर पंचवीस लिटर. २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलेल्या गावात, मे महिन्यात, माशांसाठी पंचवीस लिटर! घरात यावर काय बोललं जातं ते इथं लिहीत नाही.

म्हणून डिजिटल घेतला. लाईट गेली तरी आतल्या सेलवर घड्याळ चालू. काही महिने एकदा सेट केलं आणि विसरलो. मग स्क्रीन फिकी पडू लागली. एकदा लाईट जाऊन आली तर वेळ शून्य-शून्य आणि सगळे प्रोग्राम साफ. सेल संपला होता, आणि तो थेट सोल्डर केलेला! घड्याळाचा सेल जसा नखानं काढून बदलतो तसं काहीच नाही. कंपनीला फोन केला. उत्तर मिळालं, "बॅटरी वॉरंटीत येत नाही सर." मग काय येतं? "बॅटरी सोडून बाकी सगळं." दुकानदार तर म्हणाला, "मामा, नवाच घ्या." पन्नास रुपयांच्या सेलसाठी अख्खा टायमर कचऱ्यात टाकायचा?

टाकला नाही. गंजगोलाईकडच्या एका मेकॅनिकनं सेल बदलून दिला, पैसेही मोजकेच घेतले. टायमर परत पाच स्टारकडे निघाला होता, तेवढ्यात दिवा रात्रभर चालूच राहू लागला. ऑफ दाबलं की आतून 'टक' येतो, पण दिवा विझत नाही. असं झालं की प्रोग्राम तपासत बसू नका. दिव्याच्या जागी साधा झिरोचा बल्ब लावून बघा. टक ऐकू येऊनही बल्ब जळतच राहिला तर रिलेचे, म्हणजे आतल्या टक करणाऱ्या स्विचचे, पॉइंट चिकटलेत. पेटीवर '१६ अँपिअर' छापलेलं, माझा एलईडी फक्त तीस वॅटचा, मग चिकटले कसे? मेकॅनिकनं सांगितलं ते पटलं: ते १६ गिझरसारख्या लोडसाठी. एलईडीचा ड्रायव्हर, म्हणजे त्याला करंट पुरवणारं सर्किट, चालू होताना क्षणभर कितीतरी पट करंट ओढतो, आणि पॉइंटवर ठिणगी पडते. शिवाय लाईट गेली की रिले सुटतो, आली की पुन्हा बसतो. म्हणजे पुण्या-मुंबईत दिवसातून एकदा होणारी टक आपल्याकडे चार-पाचदा.

रिलेवर माझा राग नाही. झिजणारी वस्तू झिजणारच. झिजणारा सेल मात्र बदलता येणार नाही असा बसवायचा, यावर आहे.

वायफाय प्लग भाचा सुचवतो. पण लाईट आली तरी राऊटरचं नेट यायला वेळ लागतो, आणि नेटशिवाय त्याला किती वाजले ते कळत नाही. टाकीसाठी नको.

सध्या डायलवाला जुनाच परत लावलाय, पण इन्व्हर्टरच्या लाईनवर. मोटर थोडी घुंघावते, चकती मात्र थांबत नाही. लोड तीस वॅट, बॅटरीला जड नाही. इन्व्हर्टर नसेल तर डिजिटलच घ्यावा लागेल. दुकानात वॅट-अँपिअर नंतर विचारा, आधी मागचे स्क्रू उघडून सेल दाखवायला सांगा. दाखवणार नाही म्हणाला, तर पुढचं दुकान.