किल्टला खिसा नाही: स्पोरन घ्यावा की घरातल्याच बॅगेवर भागवावं?

किल्ट, म्हणजे स्कॉटलंडमधल्या पुरुषांचा चुण्यांचा घागरा, नेसून झाला की पहिला प्रश्न पडतो तो फोन कुठे ठेवायचा. समोर एकावर एक येणारे दोन सपाट पदर, मागे चुण्याच चुण्या, पूर्ण मापाच्या किल्टला आठ वार लोकरीचं कापड. आणि एवढ्या कापडात चिल्लर ठेवायलाही जागा नाही. धोतर नेसणाऱ्या आपल्या आजोबा-पणजोबांनी कनवटीला पैसे खोचून निभावलं. स्कॉट मंडळींनी पुढ्यात एक पिशवी लटकवली. तोच स्पोरन.

स्कॉटलंडमध्ये शिकायला किंवा नोकरीला असलेल्या आपल्या लोकांपुढे हा प्रश्न साधारण असा येतो: चॅरिटी शॉपमध्ये (दान आलेल्या जुन्या वस्तूंच्या दुकानात) किंवा ऑनलाइन जुना किल्ट बऱ्या भावात मिळालेला असतो, लांब मोजे घेतलेले असतात, बूट घरचे चालतात, आणि यादीत उरतो फक्त स्पोरन. नवा, साधा, चामड्याचा घ्यायचा तर साधारण 40 ते 80 पौंड मोजावे लागतात. चांगल्या कारागिराने हाताने शिवलेला हवा असेल तर 150 च्या पुढे. कपाटात दोन-चार लहान बॅगा पडून असताना एवढे पैसे कशाला घालायचे, हा विचार कुणाच्याही मनात येईल. त्यात गैर काही नाही. फक्त कुठली बॅग आणि कुठे जायला, हे आधी ठरवायला हवं.

किल्ट भाड्याने घेत असाल तर मात्र पुढचं वाचण्यात वेळ घालवू नका. जॅकेट, मोजे, बूट यांच्यासोबत स्पोरन त्या भाड्यातच आलेला असतो.

बाकीच्यांसाठी उमेदवार पाच: खरा स्पोरन, कमरेला बांधायची बम बॅग, लहान चामडी स्लिंग पर्स, कॅमेऱ्याची किंवा मोबाइलची पट्ट्यात अडकवायची केस, आणि आपला बटवा.

दिसण्याआधी लटकणं

स्पोरनचा पट्टा कमरेवर नसतो, त्याच्या खाली नितंबांवर टेकलेला असतो. किल्ट बेंबीच्या उंचीला बांधतात, त्यावर रुंद पट्टा आणि बक्कल. स्पोरनची वरची कड त्या बक्कलच्या साधारण चार बोटं खाली यावी, असा दंडक आहे. त्याहून वर गेला तर तो पोटावर चिकटल्यासारखा दिसतो, फार खाली गेला तर प्रत्येक पावलाला मांड्यांवर आपटतो.

खऱ्या स्पोरनची सगळी करामत पाठीमागे असते. मागच्या चामड्यावर, वरच्या कडेजवळ, दोन पट्ट्या किंवा कड्या असतात. पट्टा त्यांतून जातो किंवा साखळी त्यांत अडकते. ओढ मागून बसते, त्यामुळे तो सपाट राहतो आणि चालताना फारसा हलत नाही.

स्लिंग पर्सच्या कड्या दोन बाजूंना असतात, कारण ती खांद्यावरून लोंबावी म्हणून बनवलेली असते. लांब पट्टा काढून त्याच कड्यांना कमरपट्टा जोडला, तर दोन्हीकडून ताण बसतो, बॅग मधोमध फुगते आणि डुलायला लागते. बहुतेकांचा प्रयोग इथेच फसतो आणि दोष बॅगेला दिला जातो. उपाय सोपा आहे. जुन्या चामडी पट्ट्याचे दोन तुकडे कापा, प्रत्येक साधारण दीड इंच रुंद. पर्सच्या पाठीवर, वरच्या कडेपासून इंचभर खाली, एकमेकांपासून चार इंचांवर ते उभे लावा. वर शिवण, खाली शिवण, मध्ये पट्टा सरकेल एवढी फट. घरची सुई जाड चामड्यात जात नाही, तेव्हा बूट-बॅगा दुरुस्त करणाऱ्याकडे द्या. रिव्हेट ठोकण्यापेक्षा शिवून घेतलेलं बरं. का, ते पुढे येईलच. एवढं केलं की चांगल्या चामड्याची, फ्लॅपवाली, सात-आठ इंच रुंदीची पर्स चार पावलांवरून ओळखू येत नाही. एडिंबरा-ग्लासगोच्या चॅरिटी शॉपमध्ये तपकिरी किंवा काळ्या रंगाच्या अशा पर्स किरकोळ किमतीत मिळतात. फ्लॅपवर ब्रँडचं मोठं सोनेरी अक्षर नसलेली निवडा.

पट्ट्यात अडकवायच्या केसना हे काम लागत नाही, मागे पट्टा जाण्याची सोय मुळातच असते. पण बहुतेकांना एकच पट्टी, तीही मधोमध. म्हणून केस तिरकी होते आणि दर पाच मिनिटांनी सरळ करावी लागते. दोन पट्ट्यांची मिळाली तर उत्तम. कॅमेऱ्याच्या केसमध्ये फोमचं अस्तर असतं, त्यामुळे ती पुढे फारच येते. दिसायला ते बरं नाही, बसल्यावर तर अजिबातच नाही.

बम बॅगचा पट्टा तिचा स्वतःचा. सैल सोडून नितंबांवर आणली तर ती जागेवर राहते. किल्टला मागे दोन रुंद बंद शिवलेले असतात, त्यांतून हा पट्टा घातला तर बॅग खालीही घसरत नाही. प्लास्टिकचं बक्कल त्यांतून जात नसेल तर पट्ट्याचं मोकळं टोक बक्कलमधून काढून घ्या, ओवा, आणि परत लावा. घट्ट मात्र आवळू नका. मागच्या चुण्या दाबल्या गेल्या की त्यांची घडी बिघडते, आणि त्या पुन्हा इस्त्रीने बसवणं वेळखाऊ काम आहे.

बटव्याबद्दल मला थोडा पक्षपात करावासा वाटतो. सगळ्यात जुने स्पोरन हरणाच्या वगैरे कातड्याच्या, नाडी ओढून तोंड बंद करायच्या साध्या थैल्याच होत्या. आज स्पोरनवर पुढे जे गोंडे लोंबतात ते त्या नाड्यांच्या टोकांचे वंशज मानले जातात. म्हणजे वंशावळ पाहिली तर पाचांत बटव्याचा दावा सगळ्यात जवळचा. पण वापरायला? नाडीवर टांगलेला बटवा स्वतःभोवती फिरत राहतो, आणि जरी-मण्यांचा असेल तर चौकड्यांच्या टार्टनवर नक्षीच्या वर नक्षी होते. साध्या कातड्याचा किंवा जाड खादीचा असेल, पाठीला पट्टी शिवून घेतली असेल, तर चालेल. लग्नाच्या अहेरातला मखमली बटवा राहू द्या.

लोकरीला लागणारी बाजू

बॅगेचा पुढचा भाग लोक पाहतात, मागचा भाग किल्ट सोसतो. दिवसभर चालताना तो लोकरीवर घासत असतो. व्हेल्क्रोची काटेरी बाजू उघडी राहिली तर एका संध्याकाळीत पुढच्या पदरावर धागे निघतात. कॅमेरा केस आणि ट्रेकिंगच्या पाऊचना बहुतेक व्हेल्क्रोच असतं, म्हणून विकत घेण्याआधी ती उलटी करून पाहा. बम बॅगला पाठीमागे चोरकप्पा असतो, त्याची झिप धातूची असेल तर तोच त्रास. रिव्हेटची टोकंही तशीच, म्हणून वर शिवणीचा सल्ला दिला. आधीच रिव्हेट असतील तर त्यांवर मऊ चामड्याचा किंवा फेल्टचा तुकडा चिकटवा.

दुसरा धोका रंगाचा. स्कॉटलंडचा पाऊस विचारून येत नाही, आणि स्वस्त रंगवलेलं चामडं भिजलं की रंग सोडतं. पांढरा रुमाल ओला करून बॅगेच्या पाठीवर जोरात घासा. रुमालावर डाग आला तर ती बॅग फिक्या टार्टनजवळही नेऊ नका.

यात खरा स्पोरनही अगदी निर्दोष नाही. त्याची साखळी मागच्या चुण्यांवर घासून लोकर झिजवते, म्हणून रोजच्या वापराला बरेच जण चामडी पट्टाच पसंत करतात. विमानतळावरही साखळी काढून ट्रेमध्ये ठेवावी लागते.

फोन मावतो का?

इथे खरा स्पोरन सपशेल मागे पडतो. त्याचं माप ठरलं तेव्हा आत किल्ली, नाणी, फार तर तंबाखू जायची. आजचे मोठे फोन सोळा सेंटिमीटरच्या घरात आहेत. अनेक डे-स्पोरनमध्ये, म्हणजे रोजच्या वापराच्या साध्या स्पोरनमध्ये, ते तिरके घालावे लागतात, काहींत फ्लॅप बंद होत नाही. नवा घेणार असाल तर स्वतःचा फोन कव्हरसकट आत घालून पाहा, दुकानदाराला त्याचं नवल वाटत नाही. बम बॅग आणि स्लिंग पर्स यांत फोन, पाकीट, किल्ल्या सगळं आरामात जातं. बटव्यात फोन जातो, पण त्याच्या कडा बाहेरून दिसतात. मोबाइलच्या केसमध्ये फक्त मोबाइल, बस पास कुठे ठेवायचा ते तुम्ही बघा.

कुठे जाताय?

लग्न, पदवीदान, काळं जॅकेट-वेस्टकोट घालायचा कुठलाही समारंभ: इथे पर्यायी बॅग नको. अशा पोशाखात स्पोरन हा दागिन्यासारखा धरला जातो. पुढे केसाळ कातडं आणि वर चंदेरी धातूची कमान असलेले ड्रेस स्पोरन त्यासाठीच असतात. रूपांतर केलेली पर्स कितीही नीट जमली तरी फोटोत कळते. साधा काळा, तीन गोंड्यांचा चामडी स्पोरन जुना मिळाला तर तोही बऱ्याच ठिकाणी खपतो. मित्राचा मागून घ्या. एका संध्याकाळीसाठी स्पोरन मागायला कुणी लाजत नाही.

25 जानेवारीचं बर्न्स सपर (कवी रॉबर्ट बर्न्सच्या जन्मदिवसाचं जेवण) किंवा एखादी ‘केली’ (ceilidh, स्कॉटिश नाच-गाण्याची मैफल) घरगुती असेल तर स्लिंग पर्सवाला उद्योग शोभून जातो. नाचाचा विचार मात्र करा. स्ट्रिप द विलोसारख्या नाचात जोडीदाराला धरून गरागरा फिरायचं असतं, तेव्हा स्पोरन पट्ट्यावरून सरकवून कमरेच्या बाजूला नेतात. मागे दोन पट्ट्या शिवलेली पर्स तशीच सरकते. बटवा सरकत नाही, गोल फिरून जोडीदाराला लागतो. कॅमेरा केस बाजूला गेली तरी कोपराला लागत राहते.

एडिंबराच्या मरेफील्ड स्टेडियमला रग्बी पाहायला लोक किल्टवर जर्सी आणि जाड बूट घालून जातात. तिथे बम बॅगला कुणी हसणार नाही, काळी किंवा तपकिरी असली म्हणजे झालं.

आणि चालायचं असेल तर मी बम बॅगला स्पोरनच्या वरच ठेवेन. ग्लासगोची किल्टवॉक, म्हणजे किल्ट घालून समाजकार्याच्या निधीसाठी चालण्याचा उपक्रम, घ्या: मोठा टप्पा वीस मैलांहून अधिक, ग्लासगो ग्रीनपासून लॉक लोमंडच्या टोकाला बालॉखपर्यंत. एवढं अंतर पुढ्यात चामड्याचं वजन आपटत चालण्यात शहाणपणा नाही. पाण्याला टिकणाऱ्या कापडाची, घट्ट बसणारी बॅग हवी. वेस्ट हायलँड वेसारखी 154 किलोमीटरची, पाठीवर सॅक घेऊन करायची वाट असेल तर गणित आणखी बदलतं: सॅकचा कमरपट्टा आणि स्पोरनचा पट्टा एकाच जागी येतात, दोन बक्कलं हाडावर रुततात. तेव्हा दोन्ही पट्टे ठेवूच नका, सॅकच्या कमरपट्ट्यालाच छोटं पाऊच लावा. एक गोष्ट मात्र गमावता: पुढ्यातलं वजन वाऱ्यात वरचा पदर थोडाफार दाबून धरतं. ते गेलं की सगळा भार किल्ट पिनवर. ती पिन फक्त वरच्या पदराला लावायची, दोन्ही पदर एकत्र टोचायचे नाहीत. नाहीतर पहिल्याच लांब पावलाला कापड फाटतं.

खर्चाचा क्रम विचाराल तर मी आधी बॅग घेणार नाही, स्पोरनचा चामडी पट्टा घेईन. तो वेगळा विकत मिळतो, बहुतेकदा मागे चुण्यांकडे चामडं आणि पुढे दोन टोकांना अडकवायच्या छोट्या साखळ्या असतात, आणि लांबी कमी-जास्त करता येते. मापासाठी किल्ट नेसूनच नितंबांवरून टेप फिरवा, पँटचा नंबर सांगू नका; चुण्यांच्या जाडीने आकडा बराच वाढतो. त्या पट्ट्याला आज शिवलेली पर्स लावा, उद्या जुना स्पोरन हाती लागला तर तो लावा.