जुन्या ट्रकचा कंपनीचा ऑइल प्रेशर मीटर: काट्यावर किती भिस्त ठेवायची?

कल कळायला ठीक, आकड्यासाठी नाही. सोलापुरात मे महिन्यात पारा चाळिशीपार गेला की गरम ऑइल पातळ होतं, आयडलिंगला काटा खाली बसतो आणि संशय थेट ऑइल पंपावर जातो. पण आधी इंजिन ब्लॉकवरचा सेंडर, म्हणजे ऑइलचा दाब मोजून मीटरला कळवणारा सेन्सर, बघा. एका वायरच्या सेंडरला अर्थिंग ब्लॉकमध्ये बसणाऱ्या आट्यांतूनच मिळतं. गळती थांबवायला टेफलॉन टेप गच्च गुंडाळली की रीडिंग बोंबललं. १० ते १८४ ओहमच्या सेंडरची (दाब वाढला की रेझिस्टन्स वाढतो) वायर तुटली तर काटा फुल्ल, बॉडीला टेकली तर शून्य. डिझेल आणि टेम्परेचरचे काटेही सोबत भरकटले असतील तर सेंडर सोडा, मीटरचा सप्लाय आणि अर्थिंग तपासा.

खात्री करायची तर इंजिन तापवून बंद करा, सेंडर काढून त्याच आट्यांचा मेकॅनिकल गेज लावा. आयडलिंगला आणि २००० आरपीएमला वाचा. ढोबळ हिशेब दर १००० आरपीएमला १० पीएसआय दाब. तिथेही कमी आलं तर मग बेअरिंग, पंप, रिलीफ व्हॉल्व्ह (जादा दाब सोडणारा) तपासा. गेज कायमचा ठेवणार असाल तर प्लॅस्टिकची नळी नको. फुटली की केबिनमध्ये उकळतं ऑइल! ऑइल प्रेशरचा लाल दिवा मात्र काढू नका. त्याचा स्विच बहुधा वेगळा असतो, आणि चालत्या गाडीत तो पेटला की बाजूला घेऊन इंजिन लगेच बंद.