एम्टिडीचा 'झाट': पेरणीचा अल्बम

माइक हिर्शफेल्ट आणि मूळची कॅनडाची डॉली होम्स या एम्टिडी नावाच्या जोडीने मोजून दोनच अल्बम केले. त्यांतला दुसरा, 'झाट' (जर्मनमध्ये बियाणे किंवा पेरणी), 1972 साली पिल्झ या लेबलवर आला. पिल्झ म्हणजे अळिंबी, आणि त्या काळच्या पश्चिम जर्मनीतल्या भूमिगत, म्हणजे मुख्य प्रवाहाबाहेरच्या, संगीताला ते नाव अगदी शोभणारे होते.

सहा गाण्यांपैकी सुमारे बारा मिनिटांचे 'टच द सन' मला सर्वांत श्रेष्ठ वाटते. त्यात कीबोर्डचे सूर आधी धुक्यासारखे पसरत जातात, आणि त्या धुक्यातून डॉलीचा स्वच्छ, किंचित थरथरणारा आवाज वर येतो, तेव्हा ऐकणारा हातातले काम विसरतो. लोकगीताचा साधेपणा आणि ध्वनिमुद्रक डीटर डिर्क्स यांनी उभा केलेला विस्तीर्ण अवकाश इथे एकजीव झाले आहेत.

पहिले गाणे त्या मानाने हलकेफुलके आहे आणि त्याचे शब्द फारसे मनात राहत नाहीत. जर्मन गाणी मात्र, भाषा कळत नसली तरी, अधिक आतून आलेली वाटतात. हा अल्बम रात्री, हेडफोन लावून, सलग ऐकावा.