लाइसिस द्यायचं की थांबायचं?

रात्री दोनला कॅज्युअल्टीत छातीत दुखतंय म्हणून पेशंट येतो. दहा मिनिटांच्या आत ईसीजी निघतो आणि एसटी (आलेखात ठोक्याच्या उंच टोकानंतरचा भाग) उचललेला दिसतो. अँजिओप्लास्टीची कॅथलॅब शहरात, १२० मिनिटांत ती होणं शक्य नाही, म्हणजे लाइसिसचा, म्हणजे गुठळी विरघळवणारं औषध देण्याचा, निर्णय तालुक्यातच घ्यायचा. हा हार्ट अटॅक आहे की पेरिकार्डायटिस, म्हणजे हृदयावरणाची सूज? अटॅकमध्ये लाइसिस राहून गेलं तर स्नायू मरतो. पेरिकार्डायटिसमध्ये दिलं तर आवरणात रक्तस्राव होऊन हृदयच दाबलं जाऊ शकतं.

आधी दुखणं ऐका. अटॅकचा पेशंट बहुधा बोटाने जागा दाखवत नाही, तळहात किंवा मूठ छातीवर ठेवतो. 'दगड ठेवल्यासारखं' दुखणं, दरदरून घाम, कळ जबड्यात नाहीतर डाव्या हातात. कूस बदलून फरक पडत नाही. पेरिकार्डायटिसचं दुखणं टोचणारं. दीर्घ श्वास घेतला, उताणं झोपवलं की वाढतं, पुढे वाकून बसलं की हलकं होतं. थोड्या दिवसांपूर्वी सर्दी-ताप येऊन गेलेला असतो. हा पोक काढून बसलेला तरुण आणि तो घामेजलेला पन्नाशीचा माणूस दारातूनच वेगळे वाटतात. पण मधुमेही पेशंट आणि वयस्क बायका यात बसत नाहीत. त्या नुसतं 'धाप लागतेय, पित्त झालंय' म्हणतात आणि ईसीजीच्या पट्टीत अटॅक निघतो.

पुढे वाकवून छातीच्या हाडाच्या डाव्या कडेला ऐका. कोऱ्या कोल्हापुरी चपलेसारखी करकर आली तर पेरिकार्डायटिस जवळपास पक्का. ती येते-जाते, त्यामुळे नाही ऐकू आली म्हणून आजार नाही असं नाही.

आता पट्टी. तिच्यातलं प्रत्येक लीड हृदयाकडे वेगळ्या कोनातून बघतं. अटॅक एका रक्तवाहिनीची हद्द पाळतो: लीड २, ३, एव्हीएफमध्ये एसटी वर, तर समोरच्या एव्हीएलमध्ये एसटी खाली. पेरिकार्डायटिसमध्ये जवळजवळ सगळीकडे थोडा थोडा वर, खोलगट वाटीसारखा, आणि पीआर (ठोक्याच्या उंच टोकाआधीचा भाग) खाली. एव्हीआरमध्ये मात्र उलटं चित्र. वाटी (पेरिकार्डायटिस) की घुमट (अटॅक) यावर इंटर्न फार वाद घालतात. मी त्यावर विसंबत नाही, कारण सुरुवातीच्या अटॅकमध्येही वाटी दिसते. पीआरही एकटा पुरेसा नाही. माझी नजर एव्हीएलवर जाते. एव्हीआर आणि व्ही१ सोडून कुठेही एसटी खाली असेल, किंवा लीड ३ हे लीड २ पेक्षा उंच असेल, तर अटॅक धरूनच चालायचं.

ट्रोपोनिनची, म्हणजे हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणाऱ्या प्रथिनाच्या रिपोर्टची, वाट पाहण्यात अर्थ नाही. ते दोन्हींत वाढू शकतं, शिवाय अटॅकच्या पहिल्या तासांत नॉर्मलही येतं. पाठीत चिरत गेल्यासारखी कळ असेल तर मात्र दोन्ही हातांचं बीपी घेऊन फरक बघा. महाधमनी फाटलेली असली तर लाइसिस जिवावर बेतेल.

तरीही ठरत नसेल तर पंधरा मिनिटांनी दुसरा ईसीजी. अटॅकची पट्टी भराभर बदलते, पेरिकार्डायटिसची दिवसांच्या हिशेबाने. तोवर पहिल्या पट्टीचा फोटो कार्डिऑलॉजिस्टला पाठवा, १०८ला फोन करून ठेवा. आणि पट्टीवर वेळ लिहा, नाहीतर पहिली कोणती आणि दुसरी कोणती यावरच घोळ होतो.