पहिली फ्लिंटलॉक बंदूक घेताना माझी झालेली फसवणूक

अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात नाताळनंतर हरणांच्या शिकारीचा फ्लिंटलॉकचा खास हंगाम असतो. त्यात गारगोटीच्या ठिणगीवर पेटणारी ठासणीची बंदूकच चालते आणि तिच्या नळीचा व्यास किमान ०.४४ इंच असावा लागतो. कोकणातल्या आमच्या घरी आजोबांकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर ठासणीची बंदूक होती, त्यामुळे बंदुकीची दारू, रंजक (वाटीत घालायची पेटती करणारी बारीक दारू), गज (नळीत दारू-गोळी ठासायची काठी) हे शब्द माझ्या कानावरचे होते, आणि बहुधा त्याच ओळखीमुळे मी गाफील राहिलो. आजोबांची बंदूक केपावर, म्हणजे आघाताने पेटणाऱ्या छोट्या टोपीवर, उडणारी होती. गारगोटीच्या चापाची, म्हणजे ठिणगी पाडणाऱ्या यंत्रणेची, पारख मला मुळीच नव्हती.

शस्त्रप्रदर्शनातील एका विक्रेत्याने लहरदार मेपलचा दस्ता आणि पितळी नक्षी असलेली लांब नळीची बंदूक माझ्या हातात दिली. ती ०.४५ची आहे, हरणाला आणि खारीला दोन्हींना चालेल, असे त्याने ठामपणे सांगितले, सोबत गोळ्यांची पिशवी दिली आणि ९०० डॉलर रोख घेतले. अशा बंदुका १९६८च्या संघीय कायद्यात पुरातन शस्त्रांत मोडत असल्याने सर्वसाधारण खरेदीचे कागद भरावे लागत नाहीत. मीही पावती मागितली नाही, ही माझी मोठी चूक झाली.

घरी व्हर्नियर (बारीक माप घेण्याचे साधन) लावून पाहिले, तेव्हा पिशवीतील प्रत्येक गोळी ०.३९५ इंचांची भरली. ०.४५च्या नळीत कापडात गुंडाळून साधारण ०.४४० इंचांची गोळी ठासतात. ती माझ्या बंदुकीच्या तोंडातच अडकली. म्हणजे नळी ०.४०ची होती. नळीवर मापाचा शिक्का नव्हता, आणि तो का नाही, हे मी विचारलेच नव्हते. खारीसाठी ते माप ठीक होते, परंतु ज्या हरणासाठी मी पैसे मोजले, त्याच्यावर ती बंदूक उचलणे बेकायदा ठरले असते.

याहून वाईट गोष्ट चापात होती. घोड्याच्या जबड्यातील गारगोटी ज्या पोलादी पात्यावर आपटते, त्या फ्रिझनला पाणी देऊन ते कडक केलेलेच नव्हते. पक्क्या फ्रिझनवरून कानस घसरते. इथे ती लोण्यात रुतावी तशी रुतली, आणि पाच-सहा आपटींत गारगोटीने पात्यावर खोल चरे पाडले, तरी रंजकाच्या वाटीत एकही धड ठिणगी पडली नाही. नळीत कोरडे कापड गजाने सरकवले, तर ते काळे होऊन, कडेला फाटून बाहेर आले: जाड तेलाखाली गंजाचे खड्डे लपवलेले होते. विक्रेत्याने दिलेला दूरध्वनी क्रमांक बंद होता.

म्हणून सांगतो, एकाच बंदुकीत हरीण आणि खार दोन्ही बसवून देणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. हरणासाठी ०.५० आणि खारीसाठी ०.३२ किंवा ०.३६ अशा दोन बंदुका लागतात, आणि पैसे एकीपुरतेच असतील तर आधी कोणती शिकार करायची ते ठरवा. दस्त्याची नक्षी शेवटी पाहा; व्हर्नियर, गजावरचे कोरडे कापड आणि स्वतःची गारगोटी सोबत न्या.

यंदा ०.५०ची घेताना, नळी व वाटी रिकामी असल्याची खात्री करून, मी विक्रेत्याच्या समोर दहा वेळा घोडा पाडला. नऊ वेळा ठिणग्या वाटीत पडल्या. दहाव्या वेळी त्याने गारगोटी किंचित पुढे सरकवून दिली, आणि मग मी लेखी पावती घेऊनच पैसे दिले.